पेटीवाल्याच्या कानानं बेसी स्मिथ कशी ऐकायची

आधीच सांगून ठेवतो, मी जॅझ-ब्लूजमधला, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याबजावण्यातला, जाणकार वगैरे कोणी नाही. वडगावात राहतो, गुरुवारी आणि एकादशीला भजनी मंडळात पेटी धरतो, आणि गेली सहा-सात वर्षं पावसाळ्यात बाहेर पडायची सोय नसते तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन बाईच्या रेकॉर्डी ऐकत बसतो. मंडळातली दोन-तीन पोरं मागं लागलीत की काका आम्हालाही ऐकायचंय पण लावलं की नुसती खरखर, शब्द कळत नाहीत आणि सगळी गाणी एकच वाटतात. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत, मलाही तसंच झालं होतं. माझं म्हणणं एवढंच की बाईला ऐकायच्या आधी बाईच्या मागं कोण वाजवतंय ते ऐका. आपण बेळगावकर, पेटीवाल्या रामभाऊ विजापुरेंच्या गावची माणसं, संगत म्हणजे काय ते आपल्या कानाला शिकवावं लागत नाही, फक्त तो कान इथं लावायचा असतो हे लक्षात येत नाही.

बाईचं थोडक्यात सांगतो. बेसी स्मिथ, टेनेसीतल्या चॅटनूगाची, 1890 च्या दशकातला जन्म, लहानपणीच आईबाप गेले, रस्त्यावर भावाबरोबर गाणं म्हणून पैसे गोळा करायची. मग तंबूतले शो, मग थिएटर. 1923 च्या फेब्रुवारीत कोलंबिया कंपनीनं पहिली रेकॉर्ड काढली ‘डाउनहार्टेड ब्लूज’, ती तुफान खपली, आणि 1933 पर्यंत तिनं एकंदर 160 गाणी रेकॉर्ड केली. लोक तिला ब्लूजची सम्राज्ञी म्हणायचे. 1937 च्या सप्टेंबरात मिसिसिपीत मोटारीच्या अपघातात गेली. आपले मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेबही त्याच वर्षी, पुढच्याच महिन्यात गेले, आणि दोघांचंही आज आपल्या हातात जे आहे ते तीन-तीन मिनिटांच्या तव्यांतनंच, म्हणजे जुन्या रेकॉर्डींतनंच आलेलं आहे. तर खाँसाहेबांची खरखर आपण सोसतो ना, मग हिची पण सोसायची, हाच पहिला धडा.

आता फोनचं. बास बूस्ट असेल तर बंद करा, थ्रीडी साउंड का काय ते असतं ते पण बंद करा. 1925 च्या सुरुवातीपर्यंतच्या रेकॉर्डी मायक्रोफोनशिवाय झाल्यात, एका मोठ्या कर्ण्यासमोर उभं राहून गायचं आणि त्या आवाजाच्या धक्क्यानं सुई मेणावर कोरायची, त्यामुळं खालचा खर्ज आणि वरची धार त्यात नाहीतच, नसलेला बास तुम्ही वाढवला तर वाढणार काय, गाडी चालल्यासारखी घरघर. मी सुरुवातीला स्वस्तात मिळाली म्हणून एक ‘रिमास्टर’ केलेली सीडी घेतली होती, त्यात कोणीतरी खरखर काढता काढता बाईच्या आवाजातला दाणाच काढून टाकला होता, पुठ्ठ्याच्या डब्यात बसून गातीय असं वाटायचं, पैसे गेले ते गेलेच. तेव्हा एकाच गाण्याच्या दोन-तीन अपलोड ऐकून बघा आणि ज्यात खरखर जास्त पण आवाज मोकळा आहे ती ठेवा. इअरफोनपेक्षा एकच साधा स्पीकर बरा, कारण हे सगळं मोनोच आहे, डाव्या-उजव्या कानाला एकच आवाज. खरखर दहा मिनिटांत कानाआड होते, पावसात पत्र्याचा आवाज विसरतो तशी.

शोधताना नुसतं गाण्याचं नाव टाकू नका, वर्ष आणि वाजवणाऱ्याचं नाव पण टाका. कारण त्या काळात ब्लूज म्हणणाऱ्या स्मिथ चिक्कार, मॅमी स्मिथ, क्लारा स्मिथ, ट्रिक्सी स्मिथ, कोणाचं कोणाशी नातं नाही, आपल्याकडं पाटील असतात तसं. आणि ‘सेंट लुईस ब्लूज’ बेसीचंच दोनदा आहे, एक 1925 ची रेकॉर्ड आणि एक 1929 सालच्या छोट्या सिनेमातलं. मागं मोठा गायकांचा घोळका ऐकू आला की समजायचं सिनेमातलं लागलं. ते पण बघा, ती पडद्यावर दिसते असं तेवढं एकच आहे, पण सुरुवात तिथनं नको.

सुरुवात कुठनं, तर 14 जानेवारी 1925, न्यूयॉर्क, ‘सेंट लुईस ब्लूज’. गाणं डब्ल्यू. सी. हँडींचं, 1914 सालचं. या रेकॉर्डवर माणसं तीनच. बेसी गातीय, लुई आर्मस्ट्राँग कॉर्नेट वाजवतोय म्हणजे ट्रम्पेटचा आखूड भाऊ समजा, आणि फ्रेड लाँगशॉ नावाचा गृहस्थ वाजवतोय, आता ऐका, हार्मोनियम! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उठून बसलो. म्हणजे आपली हातपेटी नव्हे, पायानं भाता मारायचा ऑर्गन, संगीत नाटकात असायचा त्याच जातीचा. तबला नाही, ड्रम नाही, काही नाही. आर्मस्ट्राँग तेव्हा तेवीस वर्षांचा पोरगा, फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये नोकरीला, अजून जगाला फारसा माहीत नाही.

हे एकच गाणं चार वेळा ऐकायचं, सलग नको, दिवसाला एकदा पुरे.

पहिल्यांदा फक्त पेटी ऐका. तुम्हाला वाटेल हा माणूस काहीच वाजवत नाही. लांब लांब सूर धरून बसलाय, बदलायची वेळ आली की बदलतो, परत धरतो. आमच्या मंडळातल्या तबल्यावरच्या काकांना मी ऐकवलं तर ते म्हणाले, “अरे पेटीवाला झोपलाय काय रे, बाई एवढी गातीय आणि हा सुम्ने बसलाय!” मी म्हटलं काका थांबा की, परत ऐका. झोपलेला नाही तो. हँडींच्या मूळ गाण्यात मधे एक टँगोसारखी नाचाची लय आहे, लाँगशॉनं ती वाजवलेलीच नाही, मुद्दाम असो नाहीतर त्या ऑर्गनवर जमत नसल्यामुळं असो, पण त्यामुळं गाण्याची सगळी चाल बाईच्या हातात गेली. तंबोऱ्यासारखं काम केलंय त्यानं. काही टीकाकारांना हा ऑर्गन म्हणजे रडगाणं वाटतं, मला नाही वाटत. पेटीवाल्यानं पेटीवाल्याची बाजू घ्यायची नाही तर कोणी घ्यायची.

दुसऱ्यांदा फक्त कॉर्नेट. बाईची ओळ संपली की तो बोलतो, बाई तोंड उघडते तेव्हा तो बाजूला होतो, पण पूर्ण गप्पही बसत नाही, कधी शेवटच्या सुराखाली हळूच एक सूर ठेवून जातो. आपल्याकडं सवाल-जवाब म्हणतात ते हेच, फक्त इथं कोणी कोणाला हरवायला बसलेलं नाही. प्रत्येक उत्तर वेगळं आहे हे मोजून बघा. एक वर चढतं, एक खाली उतरतं, एक नुसतं बाईच्या शेवटच्या सुराला हात लावून परत येतं. पूर्ण गाण्यात त्याला एकट्याला मोकळं आवर्तन मिळालेलं नाही, सगळं जे काय दाखवायचं ते या फटींमध्येच. मोठं झाल्यावर हा माणूस जगभर गाजला, पण तेवीसाव्या वर्षी त्याला फटीत बसायला येत होतं हे मला त्याच्या नंतरच्या धडाक्यापेक्षा जास्त भारी वाटतं.

तिसऱ्यांदा मांडीवर ताल धरा. ही गोष्ट मला लाईट गेलेल्या एका संध्याकाळी काकांनीच दाखवली, मी नाही शोधली. जुलै महिना, बाहेर धो धो, फोनवर गाणं चाललंय आणि काका अंधारात मांडीवर बोटं आपटतायत, आणि एकदम म्हणाले, “अरे हा तीनताल आहे की!” ब्लूजच्या पुस्तकात लिहिलेलं असतं बारा बार, बारा बार, आणि आपल्याला वाटतं काय भानगड आहे. भानगड अशी की एका बारमध्ये चार मात्रा, चार बारची एक ओळ, म्हणजे सोळा मात्रा, म्हणजे आपलं तीनतालाचं एक आवर्तन. अशी तीन आवर्तनं झाली की एक कडवं. पहिल्या आवर्तनात एक ओळ म्हणायची, दुसऱ्यात तीच ओळ परत, तिसऱ्यात तिचा निकाल लावणारी वेगळी ओळ. आणि खरी मजा पुढं आहे, बाई साधारण पहिल्या आठ-नऊ मात्रांत आपली ओळ संपवते, म्हणजे तालातली ‘खाली’, नववी मात्रा, आली की तिचं झालेलं असतं आणि तिथनं पुढं कॉर्नेटची जागा सुरू होते. काका तेव्हापासनं त्याला खालीचा माणूस म्हणतात. या रेकॉर्डवर लय संथ आहे, एक आवर्तन साधारण चौदा सेकंद घेतं. तीन आवर्तनं, परत तीन, मग मधला भाग येतो तिथं गंधार, म्हणजे ग, कोमल होतो आणि सुराचा रंगच बदलतो, तो भाग चार आवर्तनांचा, आणि शेवटी परत तीन. हे तेरा तुकडे बोटावर मोजत ऐकलं की “सगळी गाणी एकच वाटतात” ही तक्रार निम्मी जाते, कारण ताट एकच आहे हे कळलं की मग त्यात काय वाढलंय तिकडं लक्ष जातं.

चौथ्यांदा बाई. आता शब्दांकडं लक्ष दिलं तरी चालेल, आधी कुठंतरी शब्द वाचून घ्या. संध्याकाळचा सूर्य बुडताना बघवत नाही, कारण आपला माणूस गाव सोडून गेलाय, एवढीच गोष्ट आहे. पण सूर ऐका. ही बाई ताना घेत नाही, मोजकेच सूर घेते आणि एखाद्या सुराभोवती घोटाळत राहते. आणि तिचा गंधार धड शुद्ध नाही आणि धड कोमल पण नाही, मधेच कुठंतरी, कधी खालनं ओढत आणलेला, कधी वरनं सोडलेला. आता तुम्ही पेटी घेऊन तो सूर शोधा, सापडणार नाही, दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडतो तो. याच कारणानं आपल्या आकाशवाणीनं 1940 पासनं 1971 पर्यंत पेटीला बंदी घातली होती, की हिला श्रुती म्हणजे सुरांमधले बारीक सूर जमत नाहीत, मींड म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं जमत नाही. तर या रेकॉर्डवर गंमत अशी की लाँगशॉची पेटी सरळ पट्टीत उभी आहे, बाई त्या पट्टीला घासून वाकडी जातीय, आणि कॉर्नेटला ओठानं सूर वाकवता येतो म्हणून तो बाईबरोबर वाकतोय. हे घासणं म्हणजेच ते गाणं. पेटी बाईबरोबर वाकली असती तर बाई किती वाकली ते आपल्याला कळलंच नसतं.

एवढं झालं की त्याच दिवशीची बाकीची चार गाणी ऐका, ‘रेकलेस ब्लूज’वर परत ऑर्गन आहे, बाकी तिन्हीवर लाँगशॉ पियानोवर बसलाय आणि लगेच हवा बदलते, ‘यू हॅव बीन अ गुड ओल वॅगन’मध्ये तर चक्क चेष्टा चाललीय, म्हाताऱ्या नवऱ्याला मोडक्या गाडीची उपमा. ‘कोल्ड इन हँड’ म्हणजे हात गार पडलेत असं नव्हे बरं का, हातात पैसा नाही असं. एका दिवसात पाच गाणी, आणि आज आपण एका भजनाच्या व्हिडिओला तीन दिवस लावतो, असो.

आता माझं खरं मत, यावर भांडण होऊ शकतं. आर्मस्ट्राँगपेक्षा या बाईला जो स्मिथ हा दुसरा कॉर्नेटवाला जास्त चांगली साथ करायचा. हा पण तिचा नातेवाईक नव्हे, परत एक पाटील. खुद्द बेसीला पण तोच जास्त पसंत होता असं सांगतात. ‘लॉस्ट युअर हेड ब्लूज’ लावा, 1926 सालचं, इथंही कॉर्नेट एक आणि पियानोवर फ्लेचर हेंडरसन, म्हणजे जुळणी जवळजवळ तीच, तुलना करायला सोपी. आर्मस्ट्राँगचं उत्तर ऐकताना तुम्ही क्षणभर बाईला विसरता, वा म्हणता, आणि बाईची पुढची ओळ सुरू झाल्यावर भानावर येता. जो स्मिथ तसं होऊ देत नाही, त्याचा सूर गोल आणि मऊ, बाईनं जिथं सोडलं तिथनंच उचलतो आणि तिच्या हातात परत देतो. दोन्ही थोरच. पण पेटीवर बसणाऱ्या माणसानं विचार करावा की आपल्याला यातला कोण व्हायचंय, मला अजून ठरवता आलेलं नाही, मनातनं जो स्मिथ आवडतो आणि हात आर्मस्ट्राँग व्हायला जातात, ते पण न जमता. जो स्मिथ आणि हेंडरसनच्या जोडीला क्लॅरिनेटवर बस्टर बेली मिळाला की होतं ‘यंग वूमन्स ब्लूज’, ऑक्टोबर 1926, तेही ऐका.

मग ‘बॅकवॉटर ब्लूज’. हे मात्र एकटं असताना ऐका. 17 फेब्रुवारी 1927, साथीला फक्त जेम्स पी. जॉन्सनचा पियानो. पाच दिवस पाऊस पडतोय, दिवसाढवळ्या अंधार, होडी येऊन माणसं नेते, आणि ती उंच टेकडीवर जाऊन खाली आपलं घर होतं तिकडं बघत उभी राहते. त्या वर्षी एप्रिलमध्ये मिसिसिपीला भयंकर पूर आला आणि लोकांना वाटलं गाणं त्याच्यावरच आहे, पण रेकॉर्ड आधी झालेली आहे. इथं बाईकडं नव्हे तर जॉन्सनच्या डाव्या हाताकडं कान लावा, खालच्या पट्ट्यांत पाणी कसं लोळतंय, ढग कसा गुरगुरतोय, आणि तरी लय कुठंही सुटत नाही. 2019 च्या ऑगस्टात घटप्रभेचं पाणी गोकाकात शिरलं तेव्हा माझी मावशी दोन रात्री शेजाऱ्यांच्या गच्चीवर होती. आठवडाभरानं तिला आणायला गेलो तर ती घराकडं न बघता भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेकडं बघत होती, बोटानं उंची दाखवली, एवढं, आणि पुढं काही बोलली नाही. त्या वर्षीपासनं हे गाणं मला पूर्ण ऐकवत नाही, पण तुम्ही ऐका.

‘एम्प्टी बेड ब्लूज’बद्दल सावध करून ठेवतो, 1928 सालचं, तव्याच्या दोन्ही बाजूंना मिळून दोन भागांत आहे, चार्ली ग्रीनचा ट्रॉम्बोन, म्हणजे नळी पुढंमागं सरकवून वाजवायचं पितळी वाद्य. बाई स्वयंपाकाच्या, दळणाच्या गोष्टी सांगतेय असं वाटतं आणि ट्रॉम्बोन मागनं अशा काही गुरगुर करतो की अर्थ न समजणाऱ्यालाही समजतो. लावणीतल्या दोन अर्थांवर हसणाऱ्या आपल्या माणसांना हे सांगायला नको. इंग्रजी येणारं कोणी मोठं माणूस घरात असेल तर आवाज कमी ठेवा. चार्ली ग्रीन म्हणजे तिसऱ्या जातीचा साथीदार, तो उत्तर देत नाही, टोमणे मारतो.

1925 च्या मे महिन्यापासनं तिच्या रेकॉर्डी विजेवर, मायक्रोफोननं व्हायला लागल्या. फरक स्वतःच्या कानानं बघायचा असेल तर जानेवारीतलं एखादं आणि 1927 चं एखादं मागोमाग लावा, दुसऱ्यात खोली ऐकू येते. पण खरं सांगू, मला कर्ण्यातलीच बाई जास्त जवळची वाटते, कर्ण्यात तोंड घालून जीव तोडून गायची ना.

शेवटचं सेशन 24 नोव्हेंबर 1933 चं, ते एकदम शेवटी ऐका, आधी नको. मधे मंदी येऊन गेलेली, ब्लूजचे तवे कोणी घेईना, आणि हिच्या मागं आता जमाना बदललेली माणसं आहेत, ट्रॉम्बोनवर जॅक टीगार्डन, सॅक्सवर चू बेरी, एका गाण्यात क्लॅरिनेटवर बेनी गुडमन पण बसलाय म्हणतात, कान देऊन शोधावा लागतो. चारच गाणी. मागची मंडळी नवी लय धरून पळतायत आणि बाई त्या लयीवर आरामात स्वार, कुठं दमल्याचं चिन्ह नाही. तीनच दिवसांनी बिली हॉलिडेनं, पुढं जॅझमध्ये गाजलेल्या गायिकेनं, आपली पहिली रेकॉर्ड केली, तिथंही बेनी गुडमनच.

ऐकून झालं की पेटीवर करून बघा, तरच कळतं. कुठलीही पट्टी सा धरा. पहिलं आवर्तन पूर्ण सा-ग-प धरून ठेवायचं. दुसऱ्यात आठ मात्रा म-ध-सां, मग परत सा-ग-प. तिसऱ्यात आठ मात्रा प-नि-रें आणि मग घरी सा-ग-प. डावा हात भात्यावर, सूर हलवायचे नाहीत, लाँगशॉसारखं धरून बसायचं, आणि एखाद्याला मराठीत काहीही ओळ म्हणायला लावा, बायकोवरची, भाववाढीवरची, रेल्वे गेटवरची, दोनदा तीच आणि तिसरी निकालाची. त्यानं खालीला सोडलं की तिथनं सोळाव्या मात्रेपर्यंत तुमचं. आम्ही गेल्या महिन्यात केलं, काकांनी ठेका धरला, एक पोरगा ओळ म्हणायला बसला आणि मी पेटीवर. पहिल्या आवर्तनात बरा थांबलो. दुसऱ्या ओळीत मात्र तो पाचव्या मात्रेवर असतानाच माझा उजवा हात सुटला, काकांनी ठेका थांबवला आणि म्हणाले, “पोरग्याला गाऊ दे की रे आधी.” परत सुरू केलं, परत पाचवी मात्रा. अजून तिथंच अडकतोय.